कौतिकाचे खोटे दिवस

हे मी आजवर एकाही माणसाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकींजवळ नाही, आणि देवाचं म्हणाल तर त्याच्यापुढे हात जोडून मी सारा जन्म दुसरंच काहीतरी मागत बसले. आता ऐंशी उलटली. गुडघे गेले, दात गेले, ही एक गोष्ट मात्र जागची हलत नाही — म्हणून तुम्हाला सांगते. तुमची माझी ओळख नाही, ते एक बरं.

आणि आधीच सांगून ठेवते, मला रडायचं नाही. मला राग येतो. कशाचा? तर लोक माझं नाव चांगलं घेतात, त्याचा. आमचं गाव सौंदडपासून दोन कोसांवर. गावात कोणा दोन जावांचं भांडण झालं की म्हाताऱ्या बाया अजून माझं उदाहरण देतात. जाऊ असावी तर अशी, नागपूरच्या दवाखान्यात वीस दिवस धाकटीच्या उशाशी बसली, असं म्हणतात. बसले होते, खोटं नाही ते. पण ती तिथं का पडली होती, हे कोणी विचारत नाही. मीही सांगत नाही. नुसती मान हलवते, आणि घरी येऊन दिवसभर भांडी आपटते.

धाकटी म्हणजे कौतिका. माझ्या दिराची, दामाची बायको. स्वातंत्र्य मिळालं त्या सालच्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन आली. सोळा वर्षांची, हसरी, कामाला वाघीण. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी, दोन लेकरांची आई. माझा बाप गोंदियाला रेल्वेत होता, मी चौथी पास, घरात वाचता येणारी मी एकटीच बाई. त्याचा मला ताठा होता. होता म्हणजे काय — अजूनही आहे, नाहीतर हे लिहीत बसले असते काय?

आता घरची रीत सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाई महिन्याची बाहेर बसली की मागच्या छपरीत चार दिवस. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला नाही, देवाला तर नाहीच. कोणीतरी ताट आणून दुरून सरकवायचं. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात. बाहेरच्या बाईला किती वाईट वागवतात, असं आताच्या पोरी म्हणतात. म्हणोत. पण खरं सांगू का? मला ते चार दिवस फार आवडायचे. चौदा माणसांचा भात नाही, शेण नाही, पाणी नाही, सासूची हाक नाही. पाठ टेकून पडावं आणि धानाच्या बांधीकडे, शेताकडे, बघत राहावं. अख्ख्या महिन्यात तेवढेच चार दिवस माझे होते.

आणि झालं काय, की कौतिका घरात आली आणि वर्षभरात आमचे दोघींचे दिवस एकावर एक आले. दोघी एकदमच छपरीत. सासूला स्वतः चुलीपाशी बसावं लागलं, तेही रोवण्याच्या दिवसांत, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायला पंधरा बाया बांधीत आणि त्यांची भाकर घरून जायची. ती छपरीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दोघीबी एकाच दिसी बसता, मंग भात काय तुमचा बाप रांधन?" दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, धाकटीला दर महिन्याला माहेरी पाठवते, आणि एकदा पाठवली की परत आणायचं माझ्या मनावर.

तेव्हा तोड काढली ती मी. कौतिकानं नाही. मी.

माझे दिवस मी बसायचे ते बसणार. तिनं आपले लपवायचे, कोणाला सांगायचं नाही, चुलीपाशी काम करत राहायचं. मग दहा-बारा दिवस गेले की तिनं बसायचं — खोटंच. तपासायला कोण येतंय? म्हणजे सासूला दोघींतली एक कायम हाताशी, आणि मला माझे चार दिवस. कौतिका घाबरली. ती फार देवाची होती. म्हणाली, "पाप लागन ना, बाई?" मी म्हणाले, "पाप माया माथ्यावर. तू भात रांध."

पाप माझ्या माथ्यावर — हे वाक्य मी किती सहज बोलले होते. वरण ढवळताना बोलावं तसं.

मला स्वतःला त्या विटाळाचं काही वाटत नव्हतं, हेही कबूल करते. गोंदियाला रेल्वेच्या चाळीत आमच्या शेजारी लांबलांबच्या मुलखातली माणसं राहायची. त्यांच्या बाया कधी बाहेर बसल्या नाहीत, देवाधर्माचं सगळं केलं आणि कोणाचं काही वाकडं झालं नाही. मला ठाऊक होतं. कौतिकाला ठाऊक नव्हतं. ती आपल्या खऱ्या दिवसांत देवघरात तोंड फिरवून दिवा लावायची, आणि मी छपरीत पडून तिला खुणेनं दटावायची.

दुखणं कधी सुरू झालं? दुसऱ्या वर्षी असेल. आधी थोडं, मग जास्त, मग असं की चुलीपुढे बसल्या जागी ती पोटाशी गुडघे घेऊन आडवी व्हायची. ओकारी. कपाळावर घाम. शौचाला जाताना ओठ चावायची. दामाजवळ जायलाही ती भ्यायची, तेव्हाही दुखायचं, हे तिनं मला एकटीलाच सांगितलं होतं. चार दिवस असं, मग हळूहळू उतरायचं. त्या चार दिवसांच्या चिंध्या ती धानाच्या तणसीच्या, वाळल्या काडाच्या, ढिगामागे वाळत घालायची, कोणाला दिसू नये म्हणून, आणि त्या कधी नीट वाळायच्या नाहीत.

आणि मग दहा-बारा दिवसांनी तिचे खोटे दिवस यायचे. तेव्हा पोट अगदी ठीक. छपरीत बसून ती माझ्या पोरांना दुरून गोष्टी सांगायची, खदखदून हसायची. सतरा-अठरा वर्षांची पोर, हसणार नाही तर काय करील? सासूनं ते पाहिलं आणि एक वाक्य काढलं. "बाहेर बसली का हासते, चुलीपाशी बसली का रडते." झालं. गावभर झालं. रोवण्यातल्या बाया ते गाण्यासारखं म्हणायच्या. कौतिका कामचोर ठरली.

त्या वाक्याचा उलगडा सगळ्या गावात दोघींनाच होता. एक बोलू शकत नव्हती. आणि दुसरी — दुसरी काय करत होती? दुसरी चिडत होती. हो, मला तिचा राग यायचा. मी छपरीत पडलेली, जरा डोळा लागतोय, तर आतून हिचं कण्हणं. एकदा मी उठून दाराशी गेले आणि म्हणाले, "काऊन व, नाटकं करून राहिली? सगळ्याच बायांले दुखते." तिनं पदर तोंडात कोंबला. त्यानंतर तिचा आवाज आला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

चार वर्षं गेली. लेकरू नाही. दामा मनानं वाईट नव्हता, पण किती दिवस ऐकून घेईल? शेवटी एकदा ती चुलीजवळ पडली ती उठेचना, तेव्हा सासरे म्हणाले, गोंदियाला न्या. तिथं एक खासगी डॉक्टर होते, कापाकापी करायचे, हात चांगला म्हणून नाव होतं. खोलीत डॉक्टर, सासू, मी, आणि टेबलावर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून कौतिका. परक्या पुरुषाशी धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, सासू अशा गोष्टी बोलणार नाही, म्हणजे बोलायचं कोणी? या चौथी पास बाईनं.

डॉक्टर हिंदीत विचारायचे. उलटी होते का, ताप येतो का. मग म्हणाले, "महीने के टाइम दर्द बढ़ता है क्या?"

कौतिकानं पदरातून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि सासू माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. मी काय म्हणाले ठाऊक आहे? "नहीं डॉक्टर साब, उस टाइम तो हँसती रहती है." सासूनं मान डोलावली. तिच्या दृष्टीनं ते खरंच होतं. सगळ्या घराच्या दृष्टीनं खरं होतं.

मला त्या डॉक्टरांचाही राग येतो. एकदाच विचारावं? आम्हाला बाहेर काढून तिला एकटीला विचारता येत नव्हतं? पण त्यांना काय म्हणणार — त्यांनी विचारलं तरी होतं. उत्तर खोटं दिलं ते मी. उजवीकडे दाबलं की दुखतं, ओकारी होते, म्हणून त्यांनी अपेंडिक्स ठरवलं आणि ते कापून काढलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पोटावर चार बोटांचा व्रण घेऊन ती घरी आली आणि पुढच्या महिन्यात चुलीपाशी पुन्हा आडवी झाली. सासू म्हणाली, आतडं कापलं तरी हिचं रडणं जात नाही, आता काय डोकं कापायचं?

त्यानंतर घरात दामाच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं निघालं. सौंदडकडची एक मुलगी सासूनं पाहूनही ठेवली. दामानं दोन-तीन वर्षं टाळलं. मग म्हणाला, एकदा नागपूरला दाखवून पाहतो, तिथं गुण आला आणि पोर झालं तर ठीक, नाही तर आई म्हणते तसं. म्हणजे कौतिकाचं त्या घरातलं सगळं काही त्या नागपूरच्या खेपेवर होतं, आणि हे तिलाही माहीत होतं, मलाही.

सौंदडहून छोट्या लाईनच्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या लाईनच्या गाडीनं नागपूर. दामा, कौतिका आणि सोबतीला मी. सासू घरी. लक्षात ठेवा, सासू घरी होती. तिथं बाई डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, बोलायला तोडून टाकणाऱ्या. त्यांनी कौतिकाला आत नेऊन बराच वेळ हातानं तपासलं. बाहेर येऊन हात पुसत आम्हाला म्हणाल्या, "गर्भाची पिशवी मागे चिकटून बसली आहे, डाव्या बाजूला गाठ लागते आहे. दोन गोष्टी असू शकतात. एक, पोटातला क्षय. दुसरी, पाळीशी बांधलेला आजार. हाताला दोन्ही सारखेच लागतात. फरक तारखांनी कळेल. ती मला काहीच सांगत नाही, नुसती जमिनीकडे बघते. घरात लिहिता कोणाला येतं?"

दामा मोठ्या अभिमानानं म्हणाला, आमची वहिनी चौथी पास आहे.

बाईंनी मला कॅलेंडर कसं भरायचं ते शिकवलं. दुखेल त्या दिवशी फुली. पाळीच्या दिवशी गोल. दोन महिने. मग घेऊन या. इतकं सोपं काम.

परत येताना गोंदियाच्या फलाटावर आम्ही छोट्या गाडीची वाट बघत होतो. दामा चहा आणायला गेला होता. कौतिका म्हणाली, "बाई, खरे दिस सांगून देऊ का त्या डाक्टरीनले?" आणि मी — मला ते बाकडंसुद्धा आठवतं — मी म्हणाले, "सांगजो. मंग विचारतीन, गोंदियाले पोट कायले कापलं? घरात समजलं का तू बाहेरची असून देवाले शिवून राहिली होती, तं सासू तुले एक दिस तरी ठेवन काय?" मी तिच्या भल्याचं बोलते आहे असा सूर लावला होता. पण ठेवणार नाहीत ते मला, अशी माझी भीती होती. तोड माझी होती ना. गोंदियाचं उत्तर माझं होतं ना.

ती म्हणाली, "हे पापाचंच दुखते व, बाई. औषिदानं थोडी जाईन?"

तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं की पाप-बीप काही नसतं. रेल्वेच्या चाळीतल्या बायांचं सांगायला हवं होतं. पण तिला ते पाप वाटत होतं म्हणूनच ती गप्प होती, आणि ती गप्प होती म्हणून मी सुखरूप होते. मी म्हणाले, गाडी आली.

घरी राईस मिलचं कॅलेंडर होतं, लक्ष्मीच्या चित्राचं. ते मी चुलीच्या खोलीबाहेर भिंतीला लावलं, खाली दोरीनं पेन्सिल बांधली. दामा रोज येता-जाता बघायचा. चार इयत्ता तोही शिकलेला. म्हणून गोल मी तिथंच काढले जिथं सगळ्यांनी तिला छपरीत बसलेली पाहिलं होतं. फुल्या खऱ्या, गोल खोटे. कॅलेंडर बघितलं तर फुल्या एका आठवड्यात आणि गोल भलत्याच. ज्याला काही ठाऊक नाही त्यानं म्हणावं, दुखण्याचा पाळीशी काही संबंध नाही.

तुम्ही म्हणाल, दामा बघत होता, मग बिचारी काय करणार? बिचारी कशाची? घरात दुसरा कागद नव्हता काय? पोरांच्या वह्या होत्या. एका चिठ्ठीवर खऱ्या तारखा लिहून नागपूरला त्या बाईंच्या हातात गुपचूप ठेवता आल्या असत्या. मला ते सुचलंही होतं. दुसऱ्या खेपेला जायच्या आदल्या दिवशी मी वहीचं पान फाडलं, घडी केली, आणि त्याच्यात गाडीत खायच्या लाह्या बांधल्या.

बाईंनी कॅलेंडर दोनदा पाहिलं. कपाळाला आठी घातली. "म्हणजे पाळीशी नाही," म्हणाल्या, आणि क्षयाचं औषध सुरू केलं. रोज एक सुई. सडक अर्जुनीचा कंपाउंडर सायकलनं यायचा. महिन्यामागून महिने सुया. सुया टोचून टोचून कौतिकाच्या कमरेखालच्या दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्या, तिच्या कानात आवाज यायला लागला, सतत, रातकिड्यासारखा, आणि तो पुढे जन्मभर गेला नाही. आणि दर महिन्याला चार दिवस ती चुलीपाशी तशीच. मी तशीच छपरीत.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच. पाहुण्यांनी घर भरलेलं. मी बाहेर बसलेली होते, म्हणजे तिचेही खरे दिवस होते. पंचवीस-तीस माणसांच्या पुऱ्या तळता तळता ती ओरडली. साऱ्या वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. पोट लाकडासारखं झालेलं, डोळे पांढरे. मी विटाळ-बिटाळ विसरून आत धावले आणि तिला धरलं. सासूही मधून बाजूला सरली. सडक अर्जुनीला हमरस्त्यावर धानाचा ट्रक थांबवला, पोत्यांवर तिला निजवलं आणि तसेच नागपूरला नेलं. सारा रस्ता तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

पोट उघडलं तेव्हा आत गाठ फुटलेली होती. बाई मला नंतर व्हरांड्यात म्हणाल्या, आत जुनं रक्त होतं, काकवीसारखं घट्ट, काळपट. दोन्ही बाजूंना. आतडी, पिशवी, सगळं एकमेकांना चिकटलेलं. सोडवत सोडवत तीन तास लागले. दोन्ही बीजकोश काढावे लागले, पिशवीही काढली. त्याचं नाव एन्डोमेट्रिओसिस. तेव्हा मला ते म्हणता येत नव्हतं. आता नातीला तेच निघालं, तिच्याबरोबर दवाखान्यात बसून शिकले. पिशवीच्या आतला थर पिशवीबाहेर कुठं कुठं रुजतो, आणि महिन्याच्या महिन्याला तिथंही रक्त सुटतं, त्याला बाहेर यायला वाट नसते. बाईंनी मला असं समजावलं होतं. मग म्हणाल्या, "चार-पाच वर्षं आधी कळलं असतं तर नुसत्या गाठी सोडवून निघालं असतं. एक बाजू तरी राहिली असती. मूल झालं असतं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण दार बंद झालं नसतं."

आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ती आली तेव्हा तिची पाळी चालू होती. तुमच्या कॅलेंडरच्या हिशेबानं पाळी अजून दहा-बारा दिवसांनी यायला हवी होती."

मी म्हणाले, "दिवस मागंपुढं झाले असतील."

त्या थकल्या होत्या. आणखी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "शुद्धीवर आली की तिला सांगा, हा आजार आहे. तिच्या हातून काही चुकलं म्हणून झालेला नाही. बेशुद्धीत ती सारखं पाप-पाप म्हणत होती. माझं बोलणं तिला नीट कळत नाही, तुम्ही तुमच्या भाषेत सांगा."

वीस दिवस मी तिच्या उशाशी होते. वेणी घातली, अंग पुसलं, पेज भरवली. वीस दिवसांत ते एक वाक्य सांगायला मला वेळ झाला नाही. कारण ते सांगितलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं — मग बाई, डॉक्टरला खरे दिवस सांगितले असते तर? ती भोळी होती, खुळी नव्हती.

दुखणं मात्र गेलं. कायमचं गेलं. ती परत हसायला लागली. दोन वर्षांनी दामानं दुसरी केली, कायदा-बियदा निघाला होता म्हणे, पण गावात कोण विचारतो. त्या लग्नाचा भात कौतिकानंच रांधला. आता ती कधीच बाहेर बसणार नव्हती, म्हणजे घरातली कायमची शुद्ध बाई तीच. देवघर तिचं, चूल तिची, महिन्याचे तीसही दिवस. सासू म्हणायची, धाकटीचं आता कामात लक्ष लागलं. आणि मी? मी माझे चार दिवस बसतच राहिले. तिनं दुरून सरकवलेलं ताट खात राहिले. पुढे माझं थांबलं, तरी दीड वर्ष खोटंच बसत होते. तिला कळलं नसेल काय? तिला माझे दिवस माझ्यापेक्षा नीट ठाऊक होते. काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं — त्याचाच मला सगळ्यात जास्त वैताग येतो. एकदा भांडली असती तर काय बिघडलं असतं तिचं?

ती जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटी अन्न जात नव्हतं, मी तिला पेज भरवायला जायची. दामा आधीच गेलेला, त्याची दुसरी बायको पोरांसोबत बांधीत. एके दिवशी ती माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुमी म्हनलं होतं ना, पाप माया माथ्यावर म्हून. पन देवानं मलेच धरलं. बरं झालं. तुमाले लेकरं होते."

दुपारची वेळ होती. घरात आम्ही दोघीच होतो. सासू मरून तीस वर्षं झाली होती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते नागपूरच्या व्हरांड्यात बाईंनी मला तयार करून दिलेलं होतं.

मी म्हणाले, "पेज थंडी होऊन राहिली. पी."